डोंगराचे पाणी
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आपली हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते. तेथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मग उन्हाळ्यात आपल्या आयाबहिणींना घागरी घेऊन का फिरावे लागते?

हिमालयात पाणी बर्फाच्या रूपाने साठते. आपल्या सह्याद्रीवर बर्फ नाही. आपले पाणी साठवतात ती जंगलाखालची माती आणि जांभा खडक. रिमझिम पाऊस त्यांत मुरतो आणि पुढे झऱ्यांतून, विहिरींतून हळूहळू मिळतो.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरते. ते बाष्प मग थोड्या वेळात धो धो कोसळते. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांना आढळले. असे पाणी मुरत नाही, धावते. 2019 व 2021 चे महापूर कोल्हापूर जिल्हा विसरलेला नाही. डोंगर तोडलेला, झाडे गेलेली असतील तर भिजलेली मातीच खाली येते. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगडमधील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग आला. पावसाळ्यातली दरड आणि उन्हाळ्यातली कोरड या एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत.

पालकांनो, उतारावर घर असेल तर लक्ष ठेवा. जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा खांब कलला, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर रात्र असली तरी घर सोडा. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा, रोजचा पाऊस वहीत लिहा. दर महिन्याला गावच्या विहिरीची पातळी मोजा. दहा वर्षांची अशी वही गावाच्या फार उपयोगी पडेल. बांध घाला, देशी झाडे जगवा.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती नळापाशीही पाळूया.