स्विचचें नवें फर्मवेअर आणि माघारीची वाट

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा हें गांव मिरचीच्या बाजारपेठेकरितां प्रसिद्ध आहे. तेथील बाजार समिति २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय कृषि बाजाराशीं जोडलेली आहे. बोली व हिशेब जेथें संगणकावर चालतात, तेथें यंत्रांचें जाळें तुटलें कीं शेतकरी मालासह आवारांत खोळंबतो. या जाळ्याच्या मध्यभागीं स्विच नांवाची पेटी असते. सांधेवाला गाडी योग्य रुळावर वळवितो, तशी ही पेटी प्रत्येक संदेशाचा पत्ता वाचून त्याला योग्य वाटेला लावते. तिच्या पोटांतील ज्या आज्ञावलीमुळें हें काम चालतें, तिचें नांव फर्मवेअर.

सुरळीत चाललेल्या यंत्रास हात कां लावावा, अशी शंका श्रोत्यांना येईल. २०१८ च्या मार्चमध्यें सिस्को कंपनीनें आपल्या स्विचांच्या ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सोयींतील गंभीर उणीव जाहीर करून दुरुस्त फर्मवेअर दिलें. पुढच्याच महिन्यांत त्याच सोयीचा गैरफायदा घेऊन झालेल्या हल्ल्यांत एकट्या इराणांत सुमारें साडेतीन हजार स्विच सांपडले. तात्पर्य, चालढकल म्हणजे सुरक्षितता नव्हे.

तथापि घाईहि उपयोगाची नाहीं. प्रथम कंपनीचें सूचनापत्रक वाचावें. फार जुन्या आवृत्तीवरून कित्येकदां एकदम नवीवर जातां येत नाहीं, मधली पायरी घ्यावी लागते. स्विचच्या चालू मांडणीची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. नवें फर्मवेअर कांहीं वेळां मांडणी निराळ्या रीतीनें लिहितें, व ती जुन्यास वाचतां येत नाहीं. अशा वेळीं ही प्रतच कामास येते. उतरवून घेतलेल्या फाइलीची पडताळणी-संख्या कंपनीनें दिलेल्या संख्येशीं अक्षरशः जुळली पाहिजे. पुष्कळ मोठ्या स्विचांत दोन आवृत्त्यांना जागा असते. तेथें जुनी पुसूं नये.

काम लिलाव आटोपल्यावर रात्रीं करावें. फर्मवेअर लिहिलें जात असतां वीज गेली, तर पेटी पुन्हां सुरूच न होण्याचा धोका असतो. म्हणून बॅटरीची सोय हवी. जाळें बंद असतां दुरून उपाय चालत नाहीं. यास्तव कन्सोलची तार जोडून जाणता मनुष्य पेटीपाशींच बसावा. कोणते पोर्ट चालू आहेत याची यादी आधीं करून नंतर ताडून पाहावी. आणि माघारीची घटका आरंभींच ठरवावी: अमुक वेळेपर्यंत सर्व पूर्ववत् झालें नाहीं, तर वाद न घालतां जुन्या आवृत्तीवर परतावें.

सकाळीं मिरचीच्या गाड्या आवारांत शिरतील, तेव्हां रात्रीं कांहीं घडलें हें कोणास कळूंहि नये, यांतच या कामाचें यश आहे.