खाणींतला संप आणि घरची चूल



संप म्हटला कीं डोळ्यांपुढें पुढारी, मिरवणूक आणि पोलीस उभे राहतात. घरच्या चुलीकडे कोणी पाहत नाहीं. परंतु संप टिकणार कीं मोडणार, याचा निकाल पुष्कळदां चुलीपाशींच लागतो. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड या मुलखांतील कोळशाच्या खाणमजुरांनीं १९८४-८५ सालीं जवळजवळ एक वर्षभर संप चालविला. त्याची हकीगत आज आम्ही आपणांपुढें ठेवणार आहों.

तिकडचें खाणीचें गांव म्हणजे एका विहिरीवर जगणारी वाडी समजा. आजा खाणींत, बाप खाणींत, मुलगाहि खाणींत. वाण्याचें दुकान चाले तेंहि खाणीच्या पगारावर. विहीर बुजली कीं वाडी उठली. या खाणी १९४७ पासून सरकारी मालकीच्या होत्या. मार्च १९८४ मध्यें सरकारी कोळसा मंडळानें २० खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला. त्यांत सुमारें २०,००० माणसांची रोजी जाणार होती. कारण तोट्याचें सांगितलें. मजूर म्हणाले, आज वीस, उद्यां आणखी किती? यॉर्कशरमधील कॉर्टनवूडची खाण बंद होणार, या बातमीनें ठिणगी पडली आणि पाहतां पाहतां लाखाहून अधिक मजूर कामावरून उठले. आर्थर स्कारगिल हे त्यांच्या युनियनचे अध्यक्ष, आणि राज्याच्या मुख्य प्रधान मार्गारेट थॅचरबाई.

१९७२ व १९७४ सालच्या संपांत मजुरांची सरशी झाली होती. तो धडा सरकार विसरलें नव्हतें. वीज तयार करण्याच्या कारखान्यांत त्यानें आधींच कोळशाचे ढीग रचून ठेवले. कोठार भरलेला सावकार वाट पाहूं शकतो, कुळाला तें साधत नाहीं, हें आपणांस सांगावयास नको. त्यांतून संप सुरू झाला थंडी सरतांना, म्हणजे कोळशाची गरज कमी होतांना.

युनियनजवळ आठवड्याचा पगार देण्याइतका पैसा नव्हता. संपकऱ्याच्या बायकामुलांस सरकारी मदत मिळे, पण त्यांतून आठवड्यास १५ पौंड कापले जात. कां, तर तेवढे युनियन देते असें धरून! जें हातीं आलेंच नाहीं, तेंहि हिशेबांत लिहिलें गेलें.

अशा वेळीं बाया पुढें आल्या. गांवोगांव सभागृहांत सामाईक स्वयंपाक सुरू झाला. शिधा गोळा करणें, बटाटे सोलणें, शेंकडों पानें वाढणें हें रोजचें काम झालें. मे १९८४ मध्यें बार्न्सली शहरांत अशा हजारों बायांची सभा भरली. ज्यांनीं जन्मांत चारचौघांत तोंड उघडलें नव्हतें, त्या व्यासपीठावरून बोलूं लागल्या. नाताळांत फ्रान्सच्या कामगारांनीं मुलांसाठीं खेळणीं पाठविलीं.

पण थंडी मोठी कठीण. कोळसा खणणाऱ्यांच्याच घरांत शेगडीला कोळसा नाहीं! लोक खाणीच्या टाकाऊ ढिगांतून तुकडे वेंचूं लागले. नोव्हेंबर १९८४ मध्यें यॉर्कशरच्या गोल्डथॉर्प गांवीं असा कोळसा उकरतांना माती ढासळली आणि दोन सख्खे भाऊ, शाळेंत जाण्याच्या वयाचे, गाडले गेले. त्या आईचें दुःख कोणत्या हिशेबांत मांडावें?

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. सर्व देशांतील मजुरांचें मत घेतल्यावांचून हा संप झाला. नॉटिंगहॅमशरचे बहुतेक मजूर म्हणाले, आम्हांस विचारलें नाहीं, आम्ही काम करणार. भावाभावांत बोलणें तुटलें, तें कित्येक घरांत पुन्हां जुळलें नाहीं. ऑर्ग्रीव्ह येथें १८ जून १९८४ रोजीं घोडेस्वार पोलीस मजुरांवर धांवून गेले. पुढें ९५ जणांवर खटले भरले, आणि कोर्टांत पोलिसांचा पुरावा टिकला नाहीं. इकडे वेल्समध्यें कामावर जाणाऱ्या एका मजुरास नेणारा टॅक्सीवाला, संपकऱ्यांनीं पुलावरून टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यानें मेला. तोहि पोटासाठींच राबत होता.

३ मार्च १९८५ रोजीं युनियनच्या प्रतिनिधींनीं ९८ विरुद्ध ९१ मतांनीं, कांहींहि पदरांत न पडतां, परत जाण्याचें ठरविलें. दोन दिवसांनीं वेल्सच्या मेर्डी गांवचे मजूर बँड वाजवीत, निशाण घेऊन खाणीवर गेले. तेथें एकहि माणूस फुटला नव्हता. तरी १९९० सालीं तीहि खाण बंद झाली. डिसेंबर २०१५ मध्यें केलिंगली येथील शेवटची खोल खाण मिटली. २०२४ पासून तो देश कोळशावर वीज करीत नाहीं.

कोणी म्हणेल, कोळसा जायचाच होता, मग संप व्यर्थच नव्हे काय? धंदे बदलतात, हें आम्हांस मान्य आहे. चामड्याची मोट गेली, तेलघाणा गेला. पण विहीर बुजवणारानें आधीं दुसरी खणून द्यावी कीं नाहीं? मजुरांचा खरा प्रश्न तो होता, आणि पुष्कळ गांवांस त्याचें उत्तर मिळालें नाहीं.

यांतून आपण तीन गोष्टी गांठीस बांधाव्या. लढ्याआधीं प्रत्येकाचें मत विचारावें, म्हणजे फुटणाऱ्यास निमित्त राहत नाहीं. कणगी भरल्यावांचून सावकाराशीं झुंजूं नये. आणि मसलतीस बायांना पहिल्या दिवसापासून बसवावें, कारण पातेलें रिकामें झालेलें प्रथम त्यांनाच दिसतें.