एक ड्रम पाणी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

व्यासपीठावरचे माझे गुरुजन, पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून आणि काही जण तर थेट परदेशातून वेळ काढून आलेले माझे वर्गमित्र, आणि शेवटच्या रांगेत बसून 'हिचं कधी आटोपतंय आणि पंगत कधी बसतेय' याची वाट बघणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला, 'शाळेनं मला काय दिलं'. त्याचं उत्तर एका शब्दात होतं. शाळेनं मला मैदान दिलं. आता वीस मिनिटं हातात आहेत, तेव्हा त्या मैदानाबद्दलच बोलते.

आपली बॅच १९९३-९४ ची दहावीची. त्यामुळे आपल्यातल्या कुणालाच ३० सप्टेंबरची पहाट सांगावी लागत नाही. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच आडवे झाले होते आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीकडचं जे झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. लातूर शहरात आपली घरं उभी राहिली, पण घरात झोपायची कुणाची हिंमत नव्हती. तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांनी सतरंज्या आणून टाकल्या त्या याच मैदानात. पुढे शाळा सुरू झाल्यावर सरांनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडायला लावलं नाही. फक्की आणली, मैदान आखलं आणि म्हणाले, खेळा. आज बॅडमिंटन कोर्टाची गुळगुळीत फरशी बघितलेल्या आपल्या मुलांना फक्की म्हणजे काय ते तुम्ही घरी गेल्यावर सांगा.

गेली बावीस वर्षं मी दिवसा पतसंस्थेत काम करते आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात इथे मुलींना कबड्डी शिकवते. मंडळ म्हणा, क्लब म्हणा. नोंदणी आहे, पावतीपुस्तक आहे, बँकेत खातं आहे. खात्यात फारसं काही नाही.

आज मला तुम्हाला एकाच हंगामाचं सांगायचं आहे, २०१५-१६ चा. चषक जिंकलेले हंगामही आहेत, पण ते सांगायला सोपे असतात.

आमच्या किशोरी गटाचं मैदान ११ बाय ८ मीटरचं. वय सोळाच्या आत आणि वजन ५५ किलोच्या आत. मॅटवर खेळणारे संघ आता पुष्कळ झाले, आम्ही अजून मातीवरच आहोत. मातीचं मैदान म्हणजे लहान लेकरासारखं असतं. रोज चाळायचं, खडे वेचायचे, पाणी शिंपडायचं, मुरू द्यायचं, रूळ फिरवायचा. एवढ्या मैदानाला रोज एक ड्रम पाणी लागतं, दोनशे लिटर. नाही मारलं तर दोन दिवसांत वरची माती धूळ होते आणि खालची जमीन दगड. त्यावर घोट्याची पकड करायला मुलगी झेपावली की गुडघ्याचं आणि कोपराचं कातडं तिथेच राहतं.

त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं होतं. एप्रिलमध्ये मराठवाड्यातल्या सगळ्या धरणांत मिळून पाच टक्केही पाणी नव्हतं. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरायच्या जागी जमावबंदी लागली, पाचापेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. आमच्या मुली म्हणायच्या, ताई, आपण सातजणी उभ्या राहिलो तरी गुन्हा. हसण्यासारखंच होतं, पण हसून तोंडाला कोरड पडायची. मग १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा डबे, डब्यात सुमारे पन्नास हजार लिटर. देशभरातले कॅमेरे स्टेशनवर होते. आपल्यापैकी जे बाहेरगावी होते, त्यांनी टीव्हीवर लातूर बघितलं ते असं.

अशा गावात कबड्डीच्या मैदानावर रोज दोनशे लिटर पाणी ओतणार कोण? जानेवारीतच आम्ही ठरवलं की थेंबही मारायचा नाही. ठरवायला बैठक लागली नाही. मुलीच म्हणाल्या.

पण मग पकडीचा सराव कुठे करायचा? दम घुमवणं, पायांची चाल, बोनस रेषेवरचा पाय हे सगळं उभ्याउभ्या होतं. पकड मात्र पडल्याशिवाय येत नाही. आमच्या मुलांच्या संघाला शेजारच्या एका तालमीनं हौद वापरू दिला. हौदातल्या मातीत तेल, ताक, हळद असतं, तिला पाण्याची तेवढी गरज नसते. आपला जिल्हा मुळात कुस्तीचाच. रामलिंग मुदगडचे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार मामा, साई गावचे अर्जुन पुरस्कार मिळालेले काका पवार, ही आपल्या मातीतली माणसं. दोघांनीही पुढे तालमी चालवल्या त्या पुण्यात, हेही जाता जाता सांगते. असो. मुलांना हौद मिळाला, मुलींना मिळाला नाही. वस्ताद माणूस चांगला, पण हौदात बाईमाणूस उतरत नाही म्हणाले. मी वाद घातला नाही. वाद घालायलाही पाणी लागतं.

मग आमच्या मदतीला आले ते बिछायत केंद्राचे मालक. दुष्काळानं लग्नं पुढे ढकलली होती, जी झाली ती चार माणसांत झाली. त्यांच्या गोदामात गाद्यांच्या थप्प्या पडून होत्या. त्यांची नात आमच्याकडे उजव्या कोपऱ्यात खेळायची. त्यांनी गोदामाचं शटर उघडून दिलं, अठरा गाद्या अंथरल्या, वर ताडपत्री ताणली. एप्रिलच्या उकाड्यात पत्र्याखाली तिथे जे काय व्हायचं ते विचारू नका. पण साखळी पकड मुली तिथे शिकल्या.

खरा प्रश्न मात्र सरावाच्या जागेचा नव्हता, वेळेचा होता. टँकर कधी येणार ते कुणालाच माहीत नसायचं. आठ-दहा दिवसांनी यायचा आणि आला की घरातलं जे मोकळं माणूस असेल ते पळायचं. मोकळं माणूस म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. आई कामावर, वडील कामाच्या शोधात, भाऊ ट्यूशनला. तुमच्या घरी नसेल तसं, पण आमच्या संघातल्या बारापैकी आठ घरांत तसंच होतं. डावा कोपरा आणि मुख्य चढाई करणारी, दोघी एकदम गैरहजर राहिल्या की सराव संपला. दोन आठवडे मी चिडचिड केली. मग डाव्या कोपऱ्याची मुलगीच म्हणाली, ताई, आपण सगळ्या मिळून भरू ना. ज्या गल्लीत टँकर, त्या गल्लीत संघ जायचा. बाराजणी ओळीनं उभ्या राहायच्या, घागरी हातोहात पुढे सरकायच्या. अर्ध्या तासात चार घरांचे ड्रम भरून व्हायचे आणि मग सगळ्या गोदामात. जमावबंदीच्या काळात पोलिसांनी एकदा अडवलं. एक हवालदार म्हणाला, कशाची टोळी आहे ही? मी म्हटलं, कबड्डीची. त्यानं गाडी पुढे काढली.

वजनाची गोष्ट सांगते. एरवी स्पर्धेआधी काट्यावर ५५ च्या आत बसायला मुली दोन दिवस भात सोडतात, मी ओरडते. त्या वर्षी कुणालाच काही सोडावं लागलं नाही. डिसेंबरात ५३ असलेली मुलगी एप्रिलमध्ये ५० वर आलेली. जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या खेळाडूंपैकी ज्यांना जमलं त्यांनी शेंगदाणे, गूळ, फुटाणे पाठवले. सरावानंतर मूठ-मूठ वाटायचो. एक मुलगी तिची मूठ ओढणीच्या टोकाला बांधून घरी न्यायची. घरी धाकटा भाऊ होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला दोन मुठी दिल्या.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नांदेडला निमंत्रितांची स्पर्धा होती, रात्री प्रकाशझोतात. चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं गेलो. नांदेडही त्या वर्षी पाणी मोजूनच वापरत होतं, पण यजमानांनी मुलींची सोय चार-पाच घरांत केली होती. रात्री एका घरच्या काकूंचा मला फोन. म्हणाल्या, बाई, तुमची मुलगी न्हाणीघरात गेली ती बाहेर येईना, बरी आहे ना? मी गेले. ती बरी होती. बादली भरून दिली होती, तिला ती ओतवत नव्हती. अर्ध्या बादलीत अंघोळ करून उरलेली अर्धी काकूंना परत द्यायची की ठेवायची, हे तिला कळत नव्हतं.

उपांत्य सामन्यात आम्ही दोन गुणांनी हरलो. पंधरा मिनिटांचा पहिला डाव, पाच मिनिटं विश्रांती, पंधराचा दुसरा. शेवटच्या दीड मिनिटात आमच्या तिघीच मैदानात होत्या. तीन किंवा त्याहून कमी खेळाडूंनी पकड केली की एक गुण जास्तीचा मिळतो, तशी पकड डाव्या कोपऱ्यानं केली. गोदामातल्या गाद्यांवर केली होती तशीच, तोच घोटा, तीच साखळी. पण नांदेडचं मैदान ओलं, मऊ, नीट रूळ फिरवलेलं. आमच्या मुली त्या मातीवर घसरत होत्या. चार महिने ओल्या मातीवर पायच ठेवला नव्हता त्यांनी. पुढच्या चढाईत आमची उरलेली उजवी बाजू गेली आणि सामनाही गेला. हरल्याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, अजून वाटतं.

त्या बाराजणींचं पुढे काय झालं? एक पोलिसात आहे. दोघी शिक्षिका झाल्या. एक पुण्यात रग्बी खेळते. रग्बी म्हणजे आमच्या पकडीचाच चुलतभाऊ, हातात अंडाकृती चेंडू एवढाच फरक, असं ती म्हणते. रग्बीवाले हे ऐकून रागावतील. मला आधी तो गोऱ्या साहेबांचा आणि जिमखान्यांचा खेळ वाटायचा. पण २०१८ साली भारतीय महिला संघ पहिल्यांदा पंधराजणींचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हा कर्णधार पुण्याची वाहबिझ भरुचा होती, आणि पुढच्याच वर्षी या मुलींनी सिंगापूरला हरवलं. आमच्या मुलीच्या मोबाइलवर त्या सामन्याची चित्रफीत आहे, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

तिघींचा खेळ दहावीला सुटला. आपल्या 'लातूर पॅटर्न'बद्दल मी वाईट बोलणार नाही, या सभागृहात त्याच पॅटर्ननं डॉक्टर झालेले बरेच जण बसलेत आणि माझा रक्तदाब त्यांच्याच हातात आहे. पण ट्यूशन एरियात संध्याकाळी साडेपाचला जेवढ्या मुली दिसतात त्यातल्या दहा जरी इथे आल्या तर माझे दोन संघ होतील. आणि डाव्या कोपऱ्याची ती मुलगी? तिचं लग्न झालं, त्याच वर्षी, दिवाळीत. वय मी सांगत नाही, तुम्ही हिशेब करा. दुष्काळात घरातलं एक खाणारं तोंड कमी करायचं असतं तेव्हा पहिलं नाव मुलीचं येतं. मी घरी गेले होते, तीनदा. तिसऱ्यांदा तिच्या वडिलांनी मला चहा दिला आणि म्हणाले, ताई, तुम्ही तिला पाणी द्याल का? खेळायला नाही म्हणत मी, प्यायला.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते बोलते. आपल्या बॅचचा निधी जमतो आहे आणि त्यातून शाळेच्या दारात कमान बांधायची असं पत्रकात वाचलं. कमान चांगलीच दिसेल. पण मी शाळेच्या मुख्य इमारतीचं छत मोजून घेतलंय, ते साडेपाचशे चौरस मीटर आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. गळती, वाफ, पहिल्या सरीचं घाण पाणी सोडून दिलं तरी तीन लाख लिटरच्या वर पाणी त्या छतावरून दर वर्षी गटारात जातं. मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीत साधारण पाच लाख होतं. मैदानाला हंगामभर, दीडशे दिवस धरा, तीस हजार लिटर लागतं. पन्नास हजार लिटरची जमिनीखालची एक टाकी, म्हणजे त्या गाडीचा एक डबा. जास्तीचं पाणी शाळेच्या बोअरला सोडता येईल. आणि टाकीला लागून मुलींसाठी कपडे बदलायची एक खोली आणि स्वच्छतागृह, कारण बावीस वर्षं मुली जिन्याखाली ओढणी धरून कपडे बदलतात. मुख्याध्यापकांशी बोलले आहे, त्यांची जागेला हरकत नाही.

दोन ठिकाणची दरपत्रकं मी आणली आहेत, पिशवीत आहेत, जेवताना बघा. ज्यांना कमानच हवी त्यांच्याशीही मी जेवताना बोलेन. आणि आज रविवार असला तरी सराव आहे. गाडी काढायची फार घाई नसेल त्यांनी साडेपाचला मैदानावर या, मुली सगळ्या दहावीच्या जादा तासाला अडकल्यात आणि फक्की मारायला माणसं कमी आहेत.