कोयत्याला जोडी लागते
(युवक मेळाव्यातील भाषण)



मुली शाळा का सोडतात, असं विचारतात. प्रश्नच लबाड आहे. पोरींना शाळेतून उपटलं जातं. कोण उपटतं, ते बघू.

बीडकडं चला. दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. शाळेचं निम्मं वर्ष गेलं. घरी आजी असली तर पोरगा गावात राहून शिकतो. वयात आलेली पोरगी मागं ठेवायची भीती, म्हणून तिला ट्रॅक्टरवर चढवतात. आईबाप फडात. ही कोपीवर भाकरी थापते, पाणी भरते, धाकट्याला सांभाळते. या कामाची मुकादमाच्या वहीत नोंद नसते.

आता खरी गोम ऐका. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. पुरी उचल मिळते जोडप्याला. म्हणजे पोरीचं लग्न लावलं की नवा कोयता तयार! याला रूढी म्हणायचं? ही मांडव घालून केलेली मजूरभरती आहे.

आणि कायदा? २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता. मुलीच्या लग्नाचा कायदा म्हणतो अठरा. मधल्या चार वर्षांत तिला वाली कोण? तिथंच मुकादम उचल घेऊन उभा असतो.

मग कोवळ्या वयात बाळंतपण, डोक्यावर मोळी, खाडा झाला की पैसे कापले. २०१९ साली सरकारी समितीनं बीडच्या ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी केली. १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली! आणि अक्षर सुटलेलं, म्हणून उचल फिटली की नाही, हेही मुकादमच सांगणार.

१८५५ साली मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं 'ज्ञानोदया'त धर्माला जाब विचारला. ती शाळेत होती म्हणून विचारू शकली. १९४२ ला नागपुरात बाबासाहेबांनी बायांना बजावलं, पोरं शिकवा, लग्नाची घाई करू नका.

२०२१ साली सरकारनं ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना काढली. शहरातल्या शिकलेल्यांनो, हंगामाआधी तालुक्याला जा. टोळी निघायच्या आत पोरीला तिथं खाट मिळाली का, बघा. नसेल तर तिथंच ठिय्या मारा. बारावीपर्यंत शाळेचा हक्क मागा.

पोरीच्या हातात आधी पुस्तक. कोयता नाही!

जयभीम!