अटकेपारची गाडी

एरंडोलच्या प्रवाशाला पूर्वीं नऊ मैलांवरचें म्हसावद स्टेशन गांठावें लागे. तेथून जळगांव, भुसावळ आणि पुढें सारा हिंदुस्थान. १९१२ सालीं सुरू झालेली पंजाब मेल फाळणीपूर्वीं याच खानदेशांतून पेशावरला जाई. मराठ्यांच्या फौजांनीं १७५८ सालीं घोड्यांवरून गांठलेली अटक तिचा उतारू बाकावर निजल्यानिजल्या ओलांडी. वाटेंत परमुलुख लागत नसे. १९४७ सालीं अवघ्या पांच आठवड्यांत सीमा आंखली गेली, आणि गाडी फिरोजपूरला थांबूं लागली. पलीकडचा, हुसैनीवाल्याचा सतलजेवरील रेल्वेपूल १९७१ च्या युद्धांत तुटला. ‘अटकेपार झेंडे’ हा शब्दप्रयोग एरंडोलकराच्या तोंडीं आजहि आहे. अटकेचें तिकीट मात्र त्याला कोणत्याहि खिडकीवर मिळत नाहीं.