घरातला कोळी आणि दारातला विंचू



रत्नागिरीत 'कोळी' म्हटले की पहिल्याने मिरकरवाडा आठवतो. दोघांचेही पोट जाळ्यावर, आणि नावही एकच. पण बंदरावरच्या कोळ्याची आपण वाट पाहतो आणि घरातल्याच्या मागे केरसुणी घेऊन धावतो! या दुसऱ्याचे वकीलपत्र आज आम्ही घेतले आहे.

प्रथम एक खुलासा. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला पाय सहा, याला आठ. विंचू आणि गोचीड हे याचे भाऊबंद. आपल्या घरांत दोन कोळी विशेष दिसतात. एक माळ्याच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, दोऱ्यासारख्या लांब पायांचा. त्याला धक्का लागला की तो जाळ्यासकट असा थरथरतो की डोळ्यांना धड दिसतच नाही. त्याची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून बसते. डास, माश्या हे त्याचे अन्न. दुसरा तळहाताएवढा, चपटा, तसबिरीमागे दडणारा. हा शिकारीसाठी जाळे विणतच नाही. रात्री निघतो आणि झुरळावर झडप घालतो. पोटाखाली पांढरी चकती घेऊन फिरणारी दिसली तर ती याची मादी, आणि चकती म्हणजे अंड्यांची पिशवी. दिसायला भयंकर खरा, पण मुठीत दाबल्याखेरीज सहसा चावत नाही, आणि चावला तरी दुखण्यापलीकडे बहुधा काही होत नाही.

मग 'कोळी अंगावरून गेला आणि फोड उठले' हे काय? पावसाळ्यात दिव्यावर एक बारीक, तांबडा-काळा, मुंगीसारखा लांबट भुंगेरा येतो. तो चावत नाही. मानेवर बसला आणि आपण चिरडला की त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो. फोड येतात ते दुसऱ्या दिवशी. तोवर भुंगेरा विसरलेला असतो आणि भिंतीवर कोळी समोर असतो. खटला त्याच्यावर! असा भुंगेरा फुंकून उडवावा. चिरडलाच तर जागा लगेच साबणाने धुवावी.

भ्यायचेच असेल तर त्याच्या भाऊबंदाला भ्यावे. कोकणातला तांबडा विंचू मुलांचे प्राण घेत आला आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या दंशावर वापरून दाखविले, आणि गंभीर रुग्णांतले मृत्यू पुष्कळ घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध वेळेवर पोचले पाहिजे. दंशानंतर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर उतारा घालणाऱ्याकडे एक घटकाही घालवू नये. मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नये. थेट इस्पितळ गाठावे.

आता बंदोबस्त. जळमट म्हणजे बहुधा कोळ्याने सोडून दिलेले, धूळ बसलेले जाळे. ते बांबूला केरसुणी बांधून खुशाल काढावे. गृहिणींचा राग त्यावर असतो, तो रास्तच आहे. औषध फवारण्याचा सोस मात्र आम्हांला पटत नाही. भक्ष्य आहे तोवर नवा कोळी येणारच. पडवीतला दिवा रात्रभर जळत ठेवला की किडे येतात आणि किड्यांमागे कोळी; दिवा मालवला की निम्मे काम झाले. मोठा कोळी नकोच असेल तर त्यावर पेला उपडा घालावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि त्याला बागेत सोडावे. कलमांच्या मोहोरावरचे तुडतुडे खाणाऱ्यांत कोळीही आहेत, हे बागायतदारांना सांगायला नको.

आणि मागील दारचे सरपण, जांभ्याचे फुटके चिरे, नारळाच्या सोडणांचा ढीग पावसाआधी भिंतीपासून दूर हलवावा. तो उपसताना पायांत वहाणा असाव्यात, हात घालण्यापूर्वी काठी घालावी, आणि रात्री पडवीत राहिलेल्या वहाणा सकाळी झटकूनच पायांत घालाव्यात.