शिपायाची चिठ्ठी

कॉलेजात कधी कधी शिपाई प्राचार्यांकडे चिठ्ठी घेऊन येतो : ‘सात नंबरच्या वर्गात गडबड आहे.’ एवढ्यावरून कोणी सगळा वर्ग काढून टाकील काय? गडबड कोणाची, हे तिथे जाऊनच विचारावे लागते.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, टेक्सासमध्ये सुतारकाम करतो. त्याची २००२ सालची पिकअप गाडी आहे, पोट तिच्यावरच. गेल्या वर्षी तिचा इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला, आकडा निघाला पी ०७००. एका मेकॅनिकने सांगितले, गिअरबॉक्सच बदला. खर्च ऐकून भावाने मला फोन केला : “दादा, गाडी विकून टाकू का रे?”

मी पडलो पदार्थविज्ञानाचा मास्तर! तरी दोघांनी मिळून गाडीचे पुस्तक वाचले.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारींना आणि हलक्या ट्रकांना सोळा पिनांचे एक ठरावीक सॉकेट असते. तपासणीचे यंत्र त्याला जोडले की बिघाडाचा आकडा दिसतो. पण पी ०७०० म्हणजे नुसती चिठ्ठी. गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाच्या संगणकाला कळवतो, ‘माझ्याकडे काहीतरी बिघडले आहे.’ काय बिघडले, त्याचा आकडा निराळा. तो गिअरबॉक्सच्या संगणकातच असतो. स्वस्त यंत्रे पुष्कळदा तिथवर पोचत नाहीत.

भाऊ तर दर वेळी आकडा पुसून टाकी! त्याबरोबर बिघाडाच्या क्षणीचा वेग, इंजिनाची उष्णता, ही नोंदही पुसली जाई. म्हटले, “पुसू नकोस. आधी वाच.”

चांगल्या यंत्राने वाचल्यावर एका सोलेनॉइडच्या विजेच्या मार्गात दोष निघाला. मग क्रमाने पाहिले. तेलाची पातळी ठीक, जळका वास नाही. बॅटरी ठीक, अर्थिंगच्या तारा घट्ट. तेव्हा भावाला आठवले, दिवा लागतो तो पाऊस पडून गेल्यावर! गिअरबॉक्सवरचा कनेक्टर उघडला, तर एक पिन हिरवी पडलेली. ती साफ केली, रबरी सील नवे घातले. दिवा पुन्हा लागलेला नाही.

दर वेळी इतक्या थोडक्यात भागेल असे नाही. तेलाला जळका वास असेल, तर आतले क्लच झिजलेले असू शकतात. मग खर्च टळत नाही. पण तो ठरवायचा विचारपूस झाल्यावर. चिठ्ठी फाडून वर्ग शांत होत नसतो.